लिंबाकडचा कोपरा

दीव, मंगळवार, २१ ऑक्टोबर २०२५

म्हणजे मी पिऊन पडलो, असंच ठरवलं तुमी. साक्षीला पाठवलेल्या एका फोटोवरून. फोटोत माझ्या मागं दारूच्या दुकानाची पाटी हाय, पण माझ्या हातात नारळ हाय ते न्हाई दिसलं? तुमी साक्षीला म्हणालाव, "ठेव तो फोन खाली, त्याचं तोंड नको दाखवू मला." तिनंच सांगितलं. आता म्हणाल पोरगी चुगल्या करती. करू द्या. आपल्या दोघांच्या मधी ती एक बहीणच तेवढी बोलती राहिली हाय.

आण्णा, जयभीम. बापाला लिहिताना हे आधी लिहायचं असतं, मी मागून लिहिलं.

फोन तुमी घेत न्हाई. माझा आवाज आला की आईच्या हातात फोन देताव आन् शेळी बांधायला जाताव. दोन वर्षं झाली, ती शेळी अजून बांधून व्हईना. म्हणून पत्र. पत्र कट करता येत न्हाई. फाडता येतं, पण तुमी लिहिलेला कागद फाडणारे न्हाईत. किराणाच्या पुडीचा कागद बी तुमी सरळ करून, बोट ठेवून वाचताव. तसंच हे वाचा. नववीत शाळा सुटल्यापासून मी सहीच्या वर काही लिहिलेलं न्हाई, अक्षर वाकडं हाय, सावकाश घ्या.

दिवाळीची सुट्टी पडली. मोरबीत आमची टाइल्सची कंपनी आठवडाभर बंद. घरी का आलो न्हाई ते तुमाला ठाऊक हाय. "विहाराचं काम अर्ध्यात टाकून पळालेल्याला या उंबऱ्यात जागा न्हाई," हे तुमीच म्हणालाव, साऱ्या पेडगावानं ऐकलं. मग खोलीत पडून रहायचं का? सिद्धोधन म्हणाला दीवला चल. सेलूच्या मावशीचा सिद्धोधन, ज्याला तुमी 'बिनबॅटरीचा रेडिओ' म्हणताव, तो माझ्या खोलीतच राहतो. म्हणाला, "समुद्र हाय, किल्ला हाय, आन् तिसरं बी हाय." तिसरं काय ते तुमाला कळलंच. गुजरातेत बाटली मिळत न्हाई, दीवात मिळती. त्यामुळं दीवला गेलो म्हणलं की समुद्र कुणाच्या डोक्यात येतच न्हाई.

पण आण्णा, ह्या शहराला भिंत हाय. किल्ल्याची येगळी, मी गावाची सांगायलो. दोन बाजूंनी पाणी, आन् जमिनीकडून ही भिंत, ह्या पाण्यापासून त्या पाण्यापतोर. पोर्तुगीज लोकांनी साडेचारशे वर्षांमागं बांधली असं रिक्षावाला म्हणाला. मधी वेस, तिला झांपा म्हणतात. लाल रंगवलेली. तिच्यावर दगडात सिंह कोरलेत, पंखांची माणसं कोरलीत. सिद्धोधन बघत राहिला आन् म्हणाला, "सुगत, ह्या सिंहाचं तोंड आपल्या काशीनाथ गुरुजीवानी न्हाई का दिसत? वर्गणी मागताना?"

मी सिंह बघितले न्हाईत. भिंतीला गाल लावला, एक डोळा झाकला आन् वर बघितलं, तुमी बघताव तसं. ओळंब्यात न्हाई, आण्णा! खाली रुंद, वर निमुळती, सगळी आत झुकलेली. एक बोट न्हाई, हातभर. आन् उभी हाय. विहाराची माझी पश्चिमेची भिंत किती बाहेर होती? एक बोट. तेवढ्यासाठी तुमी गुरुजींच्या देखत, मुंजाजीमामाच्या देखत, पाणी वहायला आलेल्या बायांच्या देखत लाथ घातली. "ही भिंत न्हाई, झिंगलेला माणूस हाय," म्हणालाव. सगळे हसले. मुंजाजीमामा तर हातातलं घमेलं खाली ठेवून हसला.

मला ठाऊक हाय तुमी आता काय म्हणाल. मुद्दाम दिलेला ढाळ येगळा, चुकलेला हात येगळा. मान्य. माझा हात चुकला होता. पण ती भिंत कशी पडली ते आठवा. तीन लाथा लागल्या तुमाला, आन् चौथ्याला पहार घ्यावी लागली. दर दोन हातावर मी आरपार लांब दगड घातला होता, आतल्या तोंडापासून बाहेरच्या तोंडापतोर, तुमी शिकवला तसा. ते कुणी बघितलं न्हाई. बघितला फक्त ओळंबा.

अजून एक सांगायचं हाय. ते आज न्हाई.

दीव, बुधवार, २२ ऑक्टोबर

पोस्टाला कुलूप. इथं आज गुजराती नवीन साल, सगळं बंद. कालचं पत्र खिशातच हाय. तर त्यातली एक गोष्ट दुरुस्त करतो. नारळ माझ्या हातात होता हे खरं. पण नारळाच्या आधी मी एक बियर पेलो. सिद्धोधननं दोन. आता लिहायलाच बसलो तर खरं लिहितो.

सकाळी किल्ल्यात गेलो. तोफा अजून तोंड वर करून बसल्यात. खालून समुद्र येतो, तटावर आपटतो, मागं जातो, परत येतो. दिवसभर तेच काम, वर मुकादम नसताना. समोर पाण्यातच एक लहान किल्ला हाय, त्याला पाणीकोठा म्हणतात, लांबून नाव उभी केल्यासारखा दिसतो. तिथं कैदी ठेवायचे म्हणे. सिद्धोधन म्हणाला, "इथून पळायचं तर पवायला यायला पायजे. मी तर जन्मठेप काढली असती." मला पवायला येतं. गायरानाच्या विहिरीत, कमरेला दोर बांधून, वर तुमी उभे. दोर सोडलेला मला कळलाच न्हाई. मी पार केलं तवा तुमी दोर गुंडाळून दाखवला. ते आठवलं, म्हणून लिहिलं. त्यात काही मागणं न्हाई.

गावातल्या गल्ल्या अरुंद. घरं निळी, पिवळी, गुलाबी, लाकडाचे सज्जे. निम्म्या घरांना कुलूप. माणसं पोर्तुगालला गेलीत, लंडनला गेलीत, सणाला फोन करतात. बघा, सगळं जग कुठून तरी उठून कुठं तरी गेलंय, आपल्या घरातच तेवढा तो गुन्हा हाय.

अशाच एका गल्लीत एक पडकं घर दिसलं. छप्पर न्हाई, दार न्हाई. समोरची भिंत अर्धी उभी, पण तिचं बाहेरचं तोंड निखळून पडलेलं. फणस फोडल्यावानी आतलं सगळं उघडं. मी जवळ गेलो आन् सांध्यात बोट घातलं. माती निघाली, शंखाचे तुकडे निघाले, कौलाच्या खापऱ्या निघाल्या. आरपार दगड एक न्हाई. दोन पातळ भिंती एकमेकींना न धरता उभ्या, आन् मधी कचरा.

समोरच्या ओट्यावर एक म्हातारा बसला होता, सणाचे पांढरे कपडे घालून. म्हणाला, "क्या खोया है भाई?"

"कुछ नहीं बापा. देख रहा."

"हाथ दिखा."

दाखवला. त्यानं माझा तळवा उलटा केला, बोटांची पेरं दाबली. "कडिया है?" कडिया म्हणजे इकडं गवंडी.

म्हणलं, "था."

"था क्या होता है? कडिया मर जाए तब 'था' होता है. बैठ."

त्यानं घरातून ताट आणलं, गोडधोड दिलं, साल मुबारक केलं. सिद्धोधननं चार लाडू खाल्ले, मग विचारलं, "बापा, बिना शक्कर का कुछ है?" म्हातारा हसला. जन्मभर चुन्यात काम केलं म्हणाला. चुना कसा मुरवायचा, वाळू कुठली घ्यायची, सगळं सांगितलं. मग मी विचारलं ही भिंत कशानं पडली, समुद्राच्या वाऱ्यानं का?

"हवा से नहीं," म्हणाला. "पेट खाली था. हलका छप्पर था तब तक कुछ नहीं हुआ. मालिक परदेस से पैसा लाया, ऊपर पक्की छत डाली. दूसरे चौमासे में गई. घर के लोग शादी में थे, बच गए."

त्यानं आतून लहान हातोडी आणली आन् मला वाजवून दाखवलं. स्वतःच्या घराच्या भिंतीवर मारली, टण्ण आवाज. पडक्या भिंतीचा जो भाग उभा होता त्यावर मारली, भद्द. रिकाम्या डब्यावर गोधडी टाकून मारावं तसा. मला म्हणाला तू मार. मी न्हाई मारली.

मी विचारलं, "बनाई किसने थी?"

म्हातारा हातोडी मांडीवर ठेवून आपल्याच हाताकडं बघत बसला. मग त्याच्या सुनेनं आतून हाक मारली आन् आमी उठलो. वाटेत सिद्धोधन म्हणाला, "बापा एकदम गप का झाले रे?" मी म्हणलं, "म्हातारं माणूस हाय." पण मला कळलं होतं. तो रोज तिथंच बसतो, आण्णा. त्या भिंतीच्या समोर.

दीव, गुरुवार, २३ ऑक्टोबर

आज सकाळी दोन सायकली भाड्यानं घेतल्या. समुद्राच्या कडंला गंगेश्वर नावाचं देऊळ हाय, खडकात पाच पिंडी, लाट येती आन् पाचींवरून जाती. बाया गर्दीत उभ्या राहून लाटेची वाट बघतात. सिद्धोधनला फोटो पायजे होता, लाटेनं त्याला कमरेपतोर भिजवलं, खिशातला फोन वाचला ते नशीब.

तिथून परत वेशीकडं आलो. वेशीच्या बाहेर, भिंतीला लागूनच, नायडा म्हणून गुंफा हायत. आपण लेणी म्हणतो तशा न्हाईत. वरून उजेड पडतो, आत खोल्या न् पायऱ्या न् बोगदे, आन् जिकडं बघावं तिकडं छन्नीच्या खुणा, झाडाची मुळं खाली लोंबत्यात. रिक्षावाला म्हणाला होता, भिंतीचा दगड इथूनच काढला. मी आत हिंडताना तेच बघायलो होतो. इथून चौकोन कापला, तिथं नेऊन बसवला. इथं जेवढा खड्डा तेवढी तिथं भिंत. आपण बी तेच केलं होतं. गावाची विहीर खांदली, तिचा काळा दगड निघाला, तोच विहाराला वापरायचा असं तुमीच ठरवलं. विटा स्वस्त पडतील म्हणून गुरुजी म्हणाले तवा तुमी म्हणालाव, "ज्या विहिरीवर आपल्याला कुणी चढू दिलं न्हाई असं आज्जा सांगायचा, ती गेली. ही आपण खांदलेली विहीर हाय. हिचाच दगड लावायचा." तवा मला तुमचा लय अभिमान वाटला होता. बोललो न्हाई.

त्याच गुंफेत साक्षीचा आवाज आला, फोनवर पाठवलेला. आत नीट ऐकू येईना म्हणून उजेडाच्या झरोक्याखाली गेलो. ती जे बोलली ते जसंच्या तसं लिहितो. "दादा, वर्गणी पुरी झाली. पाच तारखेला, पुनवेला स्लॅब हाय. मानवतहून सेंट्रिंगवाला यायलाय. आण्णा लय खूश हायत, काल पाहुणे आले तर त्यांना विहाराचा तोच, तू बांधलेला, लिंबाकडचा कोपरा दाखवत होते, असं काम तालुक्यात न्हाई म्हणाले. तुझं नाव न्हाई घेतलं, पण कोपरा दाखवला. सुलाआजी तर सांजच्याला त्याच कोपऱ्याला पाठ लावून बसती, म्हणती हितं गार लागतं. तू ये की रे दादा."

मी खालीच बसलो. सिद्धोधन पळत आला. "काय झालं? मेलं का कोण?"

म्हणलं, "अजून न्हाई."

दुपारी तो मला नागवा नावाच्या किनाऱ्यावर घेऊन गेला, डोकं शांत व्हईल म्हणून. तिथं ताडासारखी झाडं हायत पण एका बुंध्याला दोन फाटे, दोनाला चार. पोरं वाळूत किल्ले करायलीत, लाट आली की जायलेत, पोरं खुशीनं वरडायलीत. मला ते बघवलं न्हाई. एका झाडाला टेकून हे लिहायलो. तीन वेळा लिहिलं, तीन वेळा खोडलं. आता खोडणार न्हाई.

आण्णा, लिंबाकडचा कोपरा पोकळ हाय.

उना, शुक्रवार, २४ ऑक्टोबर

लिहिलं एकदाचं. आता कसं झालं ते बी सांगतो, म्हणजे तुमाला वाटणार न्हाई की रागात काही बी लिहिलं.

पश्चिमेची भिंत तुमी पाडली त्याच्या तिसऱ्या दिवशी तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. अकरा दिवस तुमी घरात डोळ्यात औषध घालून पडलेले. मुंजाजीमामा दाराच्या चौकटीपाशी गुंतलेला. कोपरा माझ्या एकट्याच्या हातात. माझ्या डोक्यात एकच होतं. ह्यांना ओळंबाच बघायचा ना, मग ओळंबाच देतो. कमरेपतोर तुमच्याच हातचं काम होतं, ते पक्कं हाय. कमरेच्या वरून माझ्या डोक्यापतोर, पाच थर, एक बी आरपार दगड मी घातला न्हाई. कोपऱ्याला एक आडवा एक उभा असे मोठे दगड गुंतवायचे असतात, तिथं तोंडाला पातळ चिपा लावल्या. मधी माती, फुटक्या विटा, लिंबाचा पाला, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या. बाहेरून दरजा अशा भरल्या की बघत रहावं. दोरी घट्ट लावली, दर दगडाला गुण्या लावून काटकोन बघितला. वरचे दोन थर परत नीट रचले, म्हणजे वरून डोकावलं तर कळू नये.

बाराव्या दिवशी तुमी काळा चष्मा लावून आलाव. ओळंबा सोडला. भिंतीला गाल लावला. मी मागं उभा होतो. वाटलं आता हातोडी मागतील, वाजवून बघतील. तुमी वळलाव. सगळ्यांच्या देखत माझ्या खांद्यावर हात ठेवला आन् म्हणालाव, "हे काम बघा. हा माझा पोरगा."

वीस वर्षांत पयल्यांदा म्हणालाव.

गावाला वाटतं मी पश्चिमेच्या भिंतीमुळं पळालो. तुमाला बी तेच वाटतं. त्या भिंतीसाठी मी भांडलो असतो, तुमच्या उंबऱ्यातच राहून जन्मभर भांडलो असतो. मी कोपऱ्यामुळं गेलो. तुमचा हात खांद्यावर होता तो मला सोसला न्हाई. दुसऱ्या दिवशी पहाटेची गाडी धरली.

दोन वर्षं मी स्वतःला काय सांगितलं ते बी लिहितो. वर्गणी संपली, काम थांबलं, छप्पर व्हणारच न्हाई. छप्पर न्हाई तोवर त्या भिंतीवर वजन न्हाई. दीवातल्या म्हाताऱ्यानं बी हेच सांगितलं असंल स्वतःला.

आज दिवसभर साणा डोंगरावर होतो. उन्यापासून आत जावं लागतं, जीपनं, मग चालत. तिथं आपली लेणी हायत, बौद्ध भिक्खूंची, लय जुनी. साठ-एक गुंफा असतील, डोंगरभर. एका गुंफेत दगडाचा स्तूप हाय. झोपायच्या जागा दगडाच्या, उशी बी दगडाची, त्यातच कोरलेली. सिद्धोधन एका उशीवर डोकं टेकून म्हणाला, "कंपनीच्या खोलीपरीस बरी हाय, ढेकूण तरी न्हाईत." मी हात फिरवत गेलो. सांधा कुठंच न्हाई. अख्ख्या डोंगरात एक बी दरज न्हाई. जे कोरलं ते आतपतोर तेच.

स्तुपापुढं आमी बसलो. सिद्धोधनला वंदना सगळी पाठ हाय, तो सांगत गेला, मी मागून. पंचशील सुरू झालं. दुसरं आलं, न दिलेलं घेणार न्हाई, तिथं माझा आवाज थांबला. चौथं आलं, खोटं बोलणार न्हाई, तवा तोंडच उघडलं न्हाई. पाचवं दारूचं, तिथं सिद्धोधनचा आवाज एवढा बारीक झाला की वटवाघूळ मोठं ऐकू आलं. बाहेर आल्यावर त्यानं विचारलं, "माझं पाचवं मला कळलं. तुझं दुसरं न् चौथं काय हाय?"

पायरीवर बसून त्याला सगळं सांगितलं. दोन वर्षं एका खोलीत राहिलो, पयल्यांदा सांगितलं. हा बडबड्या माणूस, आण्णा, त्यानं माझ्या खिशातला फोन काढून माझ्या हातात ठेवला. मग म्हणाला, "चल. फोन लाव."

लावला. तुमी शेळी बांधायला गेलाव. साक्षीला एवढंच सांगितलं, सुलाआजीला त्या कोपऱ्यापासून आजच उठव, पोरं खेळू देऊ नको, आन् आण्णांनी माझं पत्र वाचल्याबिगर सेंट्रिंगचा एक बी टेकू लावू देऊ नको. ती म्हणाली, "का?" म्हणलं, "पत्रात हाय." "मला सांग की." म्हणलं, "आण्णांनी आधी वाचायचं." ती रडायली. पण ती करंल. ती तुमच्यावर गेलीय.

उना, शनिवार, २५ ऑक्टोबर, पोस्टातून

पोस्ट उघडलंय. चारी पत्रं एकाच पाकिटात घालायलो. हे शेवटचं उभ्या उभ्या लिहितो.

फोनवर सगळं सांगितलं असतं तर मुंजाजीमामा म्हणाला असता पोरगं रुसलंय, स्लॅबच्या टायमाला खोडा घालायलंय. म्हणून कागदावर, सहीनिशी. माझ्या शब्दावर इश्वास ठेवू नका. हातोडी घ्या. लिंबाच्या बाजूनं, कमरेपाशी मारा, टण्ण वाजंल, ते तुमचं काम. मग छातीपाशी मारा. तुमचा कान मला ठाऊक हाय, तुमाला दुसऱ्यांदा मारावं लागणार न्हाई.

दोन तारखेला, रविवारी, वंदनेला सगळे जमले की हे पत्र तिथं वाचा. साक्षीला वाचायला देऊ नका, गुरुजींना देऊ नका. तुमी वाचा. अडखळत वाचा, पण तुमी. कोपरा तालुक्यात दाखवला तुमी, तर हे बी तुमच्याच तोंडून जाऊ द्या. मला माहीत हाय ह्यात तुमची मान खाली व्हईल. माझ्यामुळं व्हईल. पण पुनवेला स्लॅब पडला आन् पुढच्या पावसात सुलाआजीच्या डोक्यावर आला, तर मान वर ठेवून काय करायचं?

एक राहिलं. हे लिहायला हात रेटावा लागायलाय. त्या पोकळीत माझी एक तुटकी चप्पल हाय. रागाच्या भरात कोंबली. विहाराच्या भिंतीत चप्पल. उघडाल तवा निघंल, डाव्या पायाची, अंगठा तुटलेला. मी पोचायच्या आत कुणी उघडत असंल तर बायापोरांना लांब ठेवून उघडा. जमलं तर मला काढू द्या. माझ्या हातानं निघाली तर बरं.

मी यायलोय. सुपरवायझरला फोन केला, दहा दिवस पायजेत म्हणलं. तो म्हणाला, मग येऊच नको. म्हणलं, बरं. सिद्धोधन माझी पेटी खोलीवरून पाठवून देईल, तो बी यायला निघाला होता, मी न्हाई म्हणलं, एकाची नोकरी गेली ती बस झाली. दिवाळीच्या गर्दीत आधीचं तिकीट मिळालं न्हाई, तीस तारखेला मनमाडहून येणाऱ्या गाडीनं पेडगाव टेशनात उतरतो. पत्र माझ्या आधी पोचलं तर ठीक. मी आधी पोचलो तर तुमच्या दारात उभा राहून मीच वाचून दाखवीन. तुमी शेळी बांधायला गेलाव तर दावणीपाशी येऊन वाचीन.

कोपरा मीच उतरवणार, मीच बांधणार. गुरुजींनी न्हाई म्हणलं तरी. घरात न्हाई घेतलं तर लिंबाखाली झोपीन. वरचे दोन धरून सात थर हायत, दिवस लागतील तेवढे लागू द्या. चुना-सिमेंट वाळायला वेळ लागंल, त्या पुनवेला स्लॅब व्हणार न्हाई, पुढच्या पुनवेला धरा, सेंट्रिंगवाल्याला आजच कळवा. दर दोन हातावर आरपार दगड घालीन. ओळंबा तुमी धरा. वाकडं दिसलं तर लाथ घाला, मी परत बांधीन. पण त्याआधी दर थराला हातोडी तुमी मारायची. ओळंबा एकदा लावा, हातोडी दोनदा.

दीवातल्या म्हाताऱ्याला 'था' म्हणलो होतो. ते बी खोटंच होतं.

आईला जयभीम. साक्षीला म्हणावं रडू नको, इथून समुद्राचे शंख आणायलोय, तिला न् आईला.

तुमचा,
सुगत

ता. क. विहाराच्या कामाची तुमी मजुरी घेतली न्हाई. मुंजाजीमामानं अर्धी घेतली. मी पुरीच पायजे म्हणून गुरुजींच्या ओट्यावर भांडलो, "मी काय पोट दान करू का?" असं तुमच्या तोंडावर म्हणलो, आन् कापूस वेचणाऱ्या बायांच्या वर्गणीतून घेतली. इथूनच मनीऑर्डर करायलो. हे पैसे घरखर्चाला न्हाईत, तुमी हात लावायचा न्हाई. गुरुजींना द्या आन् वहीत देणगी म्हणून लिहू देऊ नका. न केलेल्या कामाची मजुरी परत, असं लिहायला लावा. लिंबाकडचा कोपरा, अकरा दिवस, सहा हजार सहाशे रुपये.